उपाशी शेवाळ आणि जावयाचं ताट

मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं ते नव्वदच्या दशकात, लग्नाच्या आधी. त्यानंतर माझं लग्न झालं, मुलगी झाली, ती चालायला लागली, शाळेत जायला लागली, आणि एकदा 'माझे बाबा' या निबंधात 'माझे बाबा शेवाळ वाळवतात' असं लिहून आली. बाईंनी त्याखाली लाल शाईत प्रश्नचिन्ह काढलं होतं. तेच प्रश्नचिन्ह आमच्या घरात बरीच वर्षं सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं. प्रबंध तेवढा व्हायचा राहिला होता.

पोटापाण्याला मी कोल्हापुरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायचो. उरलेल्या वेळात शेवाळ. रंकाळ्याच्या कडेचं हिरवं पाणी एका बाटलीत भरून आणलं होतं आणि त्यातून एक जात निवडून ती वाढवत बसलो होतो. एकाच पेशीची, गोल, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी. हजारो एकत्र आल्या की पाणी हिरवं दिसतं, एवढीच त्यांची ओळख. आई पाहुण्यांना सांगायची, "तळ्यावर पाय घसरतो ना, त्याच्यावर ह्याचा अभ्यास चाललाय." पाहुणे मान डोलवायचे आणि मुलीच्या अभ्यासाकडे वळायचे.

पण त्या पेशीची एक खोड फार सुंदर आहे, आणि मी तिच्यापायीच अडकलो होतो. पाण्यात खत असलं, ऊन असलं, की ती भराभर वाढते. एकीच्या दोन, दोनाच्या चार. पाण्यातलं नत्र संपलं की वाढ थांबते, कारण नत्राशिवाय प्रथिनं नाहीत आणि प्रथिनांशिवाय नवी पेशी नाही. ऊन मात्र पडतच असतं. ते काही पेशीला विचारून पडत नाही. उन्हातून जे मिळतं ते कुठंतरी ठेवायला पाहिजे, म्हणून ती ते तेल करून पोटात साठवायला लागते. अंगातला हिरवा रंगसुद्धा मोडून खाते, कारण त्यातही थोडं नत्र असतं. म्हणून उपाशी शेवाळाचं पाणी हिरव्याचं पिवळं होतं. पिवळं झालं की समजायचं, आत तेल जमायला लागलं.

ह्या तेलापासून डिझेलसारखं इंधन करता येतं. दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत पेपरात रोज मोगली एरंडाच्या बियांपासून डिझेल करायच्या बातम्या असायच्या, आणि अचानक माझ्या शेवाळालाही थोडी किंमत आली. स्टाफरूममध्ये लोक विचारायला लागले, "काय, गाडी कधी चालणार तुमच्या पाण्यावर?" मी गूढ हसायचो. गूढ हसणं हे संशोधकाचं अर्धं काम आहे, हे मला तेव्हाच कळलं होतं. उरलेलं अर्धं जमत नव्हतं.

तसं बाटलीत जमलं होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, खिडकीतल्या काचेच्या चंबूत, मी डिस्टिल्ड वॉटरमध्ये शेवाळाला उपाशी ठेवलं आणि आठवड्यात ते पिवळं पडलं. तेल दिसलं. मी ते घेऊन माझ्या मार्गदर्शक सरांकडे धावत गेलो. सरांनी चंबू उजेडात धरला, परत दिला आणि म्हणाले, बाटलीत सगळ्यांनाच जमतं. उघड्यावर, उन्हात, दोन-तीनशे लिटर पाण्यात करून दाखवा. तेवढं शेवटचं प्रकरण झालं की सही करतो. मग चष्मा पुसत सांगितलं की ते जूनअखेर निवृत्त होतायत. त्याच्या आत झालं तर झालं. नाहीतर मला दुसरे मार्गदर्शक शोधावे लागतील, नवी नोंदणी करावी लागेल, आणि सगळं पहिल्यापासून.

पहिल्यापासून म्हणजे मुलीचं कॉलेज संपेपर्यंत. मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बायको भाजी चिरायची थांबली. आमच्याकडे तो फार मोठा इशारा असतो.

आता तीनशे लिटर पाणी ठेवायचं कुठं? आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी एक टब ठेवला, तर तिसऱ्या दिवशी सोसायटीची नोटीस आली. चिकुनगुन्याचे दिवस होते. साठलेलं हिरवं पाणी बघून लोक माझ्याकडे डास पाळणारा माणूस म्हणून बघायला लागले. शेवटी आईनंच सुचवलं, अक्काकडं जा की.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचं सासर शिरोळच्या बाजूला. सगळा ऊसपट्टा, काळी जमीन, घरासमोर विहीर आणि घरावर ऐसपैस सिमेंटची गच्ची. दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, ऊस करतात, दारात चार म्हशी. तरुणपणी ते तालमीत होते. तालीम कधीच सुटली, पण तालमीतला खुराक त्यांनी जुन्या मित्रासारखा धरून ठेवला. त्यांच्या दारातून कुणी उपाशी गेलेलं मी पाहिलेलं नाही. मीटर बघायला आलेला माणूससुद्धा ताक पिऊन जातो.

उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि मी सामान घेऊन हजर झालो. दाजींनी निळी पिंपं उभी चिरून त्यांची आठ कुंडं करून दिली. गच्चीवर ओळीनं मांडली. विहिरीची मोटर चालू केली की पाइपातून थेट गच्चीवर पाणी, म्हणजे माझी चैनच झाली. पहिल्या दिवशी सगळी मांडामांड झाल्यावर दाजी कठड्यावर टेकून म्हणाले, आता नीट समजावून सांग, काय करायलायस ते. मी समजावलं. चार कुंडांत खत घालून शेवाळ वाढवायचं, मग ते खाली बसलं की वरचं पाणी काढायचं, बाकीच्या चार कुंडांत साध्या पाण्यात घालून उपाशी ठेवायचं, वाढ थांबते, ऊन चालू राहतं, मग तेल साठतं. दाजींनी क्षणभर विचार केला.

"म्हंजे आखाडा बंद, खुराक चालू," ते म्हणाले आणि स्वतःच्या पोटावर हात फिरवला. "मास्तर, एवढ्यासाठी रंकाळ्याला कशाला गेलतास? मला विचारायचं."

इतक्या वर्षांत माझ्या विषयाचं इतकं नेमकं वर्णन कुणी केलं नव्हतं. मी ते पुढं वर्गात वापरलं, आणि दाजींचं नाव न घेता वापरलं, हेही कबूल करतो.

वाढायचा भाग झकास झाला. आठवड्यात कुंडं अशी हिरवीगार झाली की वरून बघताना गच्चीवर कुणी लॉन लावलंय असं वाटावं. अक्का दिवसातून तीनदा काठीनं ढवळायची. मग शेवाळ खाली बसवून, पाणी काढून, दुसऱ्या चार कुंडांत साध्या पाण्यात घातलं. ज्या पाण्यात मी चिमूटभरही काही टाकलं नव्हतं. आणि पिवळं पडायची वाट बघत बसलो.

चौथ्या दिवशी हिरवं. सहाव्या दिवशी हिरवं. आठव्या दिवशी आणखी हिरवं. दाजी भलतेच खूश होते. माझ्या उसाला असा रंग येऊ दे म्हणायचे. मी सूक्ष्मदर्शकातून बघायचो, तर पेशी मजेत. तेलाचा टिपूस नाही. उपाशी ठेवलेल्या कुणाच्या तोंडावर इतकं तेज मी पाहिलं नव्हतं.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. कॅलेंडरवर मे महिना उलटत चालला होता, पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येणार, आणि एकदा पाऊस लागला की उघड्यावरचा प्रयोग संपला. मी रात्रंदिवस एकच विचार करत होतो. पाण्यात नत्र नाही, तरी पेशी वाढतायत. म्हणजे कुणीतरी नत्र घालतंय. गच्चीच्या जिन्याखाली युरियाची पोती रचलेली होती. जिन्याच्या पायरीवर पांढरे दाणे पायाला लागायचे. आणि मांडामांडीच्या दुसऱ्याच दिवशी दाजी म्हणाले होते, काडीभर पिवळं पडलं की युरियाचं पाणी मारायचं, उसाला आम्ही तसंच करतो. मी मनात दोन आणि दोन चार केले. जीवशास्त्राच्या मास्तरानं गणितात पडू नये.

त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला होता. अधिक महिना म्हणजे जावयाचा मान. तीन वर्षांनी एकदा सासरवाडीला बोलावून धोंड्याचं जेवण, तेहतीस अनारसे, तांब्याच्या ताटात वाण. आई महिनाभर आधीपासून त्या तयारीत असते. जावई म्हणजे विष्णू, असं मानून एरवी साधं बोलणारी माणसंसुद्धा त्या दिवशी दाजींशी देवघरातल्या आवाजात बोलतात. पाट मांडला, रांगोळी घातली, समई लावली, आईनं पुरणाचे धोंडे वाढले, वर तुपाची धार धरली. मी शेजारच्या पाटावर.

दाजींनी पहिला धोंडा फोडता फोडता सहज विचारलं, "मास्तर, पिवळं पडलं का मग शेवाळं?"

मला वाटलं होतं मी विनोद करतोय. "पडणार कसं," मी म्हणालो, "कुणीतरी मायेनं युरिया घातल्यावर?"

"कुणीतरी म्हंजे?"

"अक्का तर नुसती ढवळते. गच्चीवर दुसरं कोण जातंय, दाजी?"

आईच्या हातातली तुपाची धार थांबली. दाजींनी हातातला घास ताटात परत ठेवला. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. ते फार हळू बोलले, आणि आमचं नातं जुळल्यापासून पहिल्यांदा मला त्यांनी परक्यासारखी हाक मारली.

"पावणं, मी माणसाला कधी उपाशी ठेवलं न्हाय, खरं हाय. पर तुमच्या शेवाळ्याला चोरून घालायला मी काय तुमच्या दारचा चोर न्हाय. घालायचं असतं तर सांगून घातलं असतं."

ताटाला नमस्कार करून ते उठले. अर्धा धोंडा तसाच. चूळ भरली, चपला घातल्या, अक्काला म्हणाले चल. अक्कानं जाताना माझ्याकडे जे बघितलं ते मी लहानपणी तिची नवी वही भिजवली होती तेव्हा बघितलं होतं, पण हे जास्त होतं. आई त्या ताटापाशी बराच वेळ बसून राहिली. संध्याकाळी फक्त एवढंच म्हणाली, की तीन वर्षांनी एकदा जेवायला येतो माणूस.

दोन दिवसांनी अक्काचा फोन आला. किल्ली घेऊन जा म्हणाली. मला कळेना. गेलो तर गच्चीच्या दाराला नवंकोरं कुलूप. दाजी सोप्यात बसले होते. मी समोर उभा होतो, पण ते अक्काशी बोलत होते.

"तुझ्या भावाला म्हणावं, ही किल्ली. आन् ही दुसरी. कुलपाला दोनच आल्या, दोन्ही तुझ्याकडं ठेव म्हणावं."

अक्कानं मला निरोप दिला. मी तिच्याजवळ उत्तर दिलं. ती मधे उभी राहून दोन हातांवरच्या अंतराचे निरोप पोचवत होती, आणि तिला सगळ्यात जास्त राग याचा होता की कुरडया वाळवायला आता गच्ची नाही. त्या अंगणात घातल्या आणि कोंबड्यांनी खाल्ल्या. तोही हिशेब माझ्याच नावावर लागला.

आता ढवळायलाही मीच. रोज सकाळी कोल्हापूरहून एसटी, तासा-दीड तासात तिथं, कुलूप काढायचं, ढवळायचं, दुपारपर्यंत बसायचं, ढवळायचं, कुलूप लावायचं, परत. अक्का जिन्याच्या पायरीवर चहाचा कप ठेवून जायची. दाजी मी आलो की गोठ्यात. तिसऱ्यांदा उपाशी ठेवायचा भाग सुरू केला. या वेळी गच्चीवर चिमणीशिवाय कुणी येत नव्हतं.

आठव्या दिवशी मी कुलूप काढून दार ढकललं. चारही कुंडं हिरवीगार. दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात.

मी कठड्यावर बसलो. आयुष्यात इतकं स्वच्छ अपराधी मला कधी वाटलं नव्हतं. प्रबंध गेला ते गेलंच, ते एक दुःख. पण एका माणसाला मी देवाच्या महिन्यात भरल्या ताटावरून उठवलं होतं, आणि तेही पुराव्याशिवाय. मी खाली आलो. दाजी स्वयंपाकघरात चहा पीत होते. मी अक्काकडे न बघता सरळ त्यांनाच म्हणालो, की कुंडं हिरवीच आहेत, आणि किल्ल्या माझ्याचकडे होत्या. चूक माझी आहे.

दाजींनी बशीतला चहा संपवला. मग अक्काकडे वळले.

"तुझ्या भावाला विचार, कुंडात पाणी कुठलं भरतोय."

अक्कानं माझ्याकडे बघितलं. "विहिरीचं," मी म्हणालो.

"त्याला सांग, त्या विहिरीचं पाणी देतोय म्हणून चार वर्षं झाली, उसाला एक पोतं युरिया कमी टाकतोय मी. पाण्यातच हाय सगळं. आमच्या रानात पडलेलं धुऊन कुठं जातंय? हिरीतच की." मग बशी खाली ठेवत, "शिकलेल्या माणसाला ठाऊक असंल म्हणून बोललो न्हाय."

मी एका बाटलीत विहिरीचं पाणी घेऊन कॉलेजला आलो. रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यानं नत्राची परीक्षा केली. परीक्षानळीत असा गर्द निळा रंग आला की त्यानं मला विचारलं, हे पाणी आणलंयस का खत विरघळवून आणलंयस? मी डिस्टिल्ड वॉटर सोडून ज्या पाण्याला 'साधं' म्हणत होतो, ते माझ्या शेवाळासाठी पंगतीचं जेवण होतं. तीन वेळा मी त्यांना उपाशी ठेवतोय समजून वाढत होतो.

आणि कॉलेजातून घरी जाताना मला दुसरी गोष्ट आठवली. अक्काचं लग्न झालं त्या वर्षी, मी नुकताच बी.एस्सी. झालो होतो. सोप्यात बसून दाजींना मी सांगितलं होतं की तुमच्या उसाला नत्र फार कमी पडतंय. कागदावर तक्ता काढून दिला होता. एकरी दीड पोतं वाढवा. दाजींच्या वडिलांनी नको म्हटलं होतं, पण नव्या सुनेचा शिकलेला भाऊ सांगतोय म्हणून दाजींनी ऐकलं, आणि पुढची बरीच वर्षं ऐकत राहिले. उसानं घेतलं तेवढं घेतलं. उरलेलं पाण्याबरोबर मुरत मुरत विहिरीत गेलं. म्हणजे कुंडात युरिया खरोखरच कुणीतरी घातला होता. तो मीच घातला होता, फक्त दहा-बारा वर्षं आधी.

हे मी दुसऱ्या दिवशी जाऊन दाजींना जसंच्या तसं सांगितलं. ते ऐकून घेत होते, चेहरा घट्ट, आणि मग त्यांच्या पोटापासून हसू वर यायला लागलं. त्यांनी ते दाबायचा प्रयत्न केला, पण एवढं पोट दाबणं सोपं नव्हतं. आमच्याकडे लग्नात कानपिळी असते. नवरीचा धाकटा भाऊ सगळ्यांसमोर नवऱ्याचा कान पिळतो, बहिणीला नीट वागवा म्हणून, आणि कपडे मिळवतो. मीही दाजींचा कान पिळला होता, जरा जोरातच. दाजींनी मला जवळ बोलावलं.

"कान इकडं आण."

मी वाकलो. त्यांनी तो तालमीतल्या हातानं पिळला, शांतपणे, पुरता. अक्का मधे पडली नाही. मग म्हणाले, आता बोल, पाणी कुठलं पाहिजे तुला?

मला नत्र नसलेलं तीनशे लिटर पाणी पाहिजे होतं. डिस्टिल्ड वॉटर तेवढं कुठून आणणार? दाजी म्हणाले, गगनबावडा. त्यांची मावशी तिथं असते. घराच्या मागं झरा, बारमाही. वर ऊस नाही, युरिया नाही, सगळं डोंगराचं धुतलेलं पाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी ओळखीच्याचा टेम्पो आणि चार पिंपं घेऊन आम्ही निघालो. ऊसपट्ट्यातून कोल्हापूर, कोल्हापुरातून घाटाकडे. दाजींनी वाटेत कळे गावाशी टेम्पो थांबवला आणि मला म्हणाले, "मास्तर, उतर, च्या घिऊ." मास्तर म्हणाले, पावणं नाही. मी तो चहा फार सावकाश प्यायलो.

झऱ्याचं पाणी गार होतं. मावशींना मी का आलोय ते कळलं नाही. पाणी न्यायला इतक्या लांब यायचं, आणि ते पिण्यासाठी नाही, हे त्यांना पटेना. शेवटी दाजींनी सांगितलं की ह्याच्याकडे एक जनावर आहे, ते उपाशी ठेवायचंय. मावशींनी माझ्याकडे इतक्या तिरस्कारानं बघितलं की मी वाढलेलं सगळं निमूट खाल्लं. मी पाण्याची परीक्षा करायचं सामान आणलं होतं. दोन थेंब टाकले, पाणी तसंच राहिलं, रंगच नाही. इतकं छान काही न दिसणं मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

पाचव्या दिवशी कडेच्या कुंडाचा रंग फिकट झाला. सहाव्या दिवशी चारही कुंडं पोपटी, मग लिंबासारखी. आभाळ भरून यायला लागलं होतं. एका दुपारी सर आली तेव्हा मी, अक्का आणि दाजी तिघं धावलो आणि प्लास्टिकचा कागद ताणून कुंडांवर धरला, वीस मिनिटं, हात भरून येईपर्यंत. कुलूप आता दाराला नव्हतंच. ते मी गुपचूप काढून ठेवलं होतं.

आठव्या दिवशी मी कॉलेजातला सूक्ष्मदर्शक गच्चीवर आणला, थेंबावर तेलाला लागणारा काळा रंग टाकला आणि बघितलं. पेशी पेशीत गोल काळपट थेंब, काही पेशींत तर दुसरं काही दिसेना. मी दाजींना बोलावलं. एक डोळा मिटून बघायला त्यांना जरा वेळ लागला. मग खूप वेळ बघत राहिले.

"पोटं सुटलीत की," ते हळूच म्हणाले.

शेवाळ गाळून, वाळवून, तेल काढलं. चार कुंडांचं मिळून खोकल्याच्या औषधाची पाऊण बाटली. काळपट हिरवं, मासळीसारखा वास. दाजींनी बाटली हलवून बघितली आणि ह्यावर टॅक्टर बांधापर्यंत जाईल का विचारलं. मी म्हणालो सेल्फ मारून होईपर्यंत संपेल. त्यांना वाईट वाटलं, पण माझ्यासाठी वाटलं. आईनं अधिक महिन्याचे शेवटचे दोन दिवस राहिले असताना पुन्हा सगळा घाट घातला. तेहतीस अनारसे पुन्हा तळले. दाजी जेवताना मी बोललोच नाही, नुसतं वाढलं.

सरांनी जूनच्या शेवटच्या आठवड्यात सगळं वाचलं. त्यांनी एकच बदल सांगितला. मी फसलेले तीन प्रयोग वगळले होते, ते त्यांनी परत घालायला लावले. वाढवायला विहिरीचं पाणी, उपाशी ठेवायला डोंगराचं पाणी, हे खरं तुमचं प्रकरण आहे म्हणाले, तेल सगळ्यांनाच येतं. आणि सही केली. घरी सांगितलं तेव्हा बायकोनं भाजी चिरणं थांबवलं नाही, फक्त एक टोमॅटो जास्त चिरला.

मौखिक परीक्षा पुढच्या वर्षी झाली. ती सगळ्यांसाठी खुली असते, म्हणून आई, बायको, अक्का आणि दाजी असे चौघं येऊन तिसऱ्या रांगेत बसले. दाजी नव्या टोपीत. बाहेरून आलेले परीक्षक मोठे नम्र होते. इंग्रजीत बरंच झाल्यावर त्यांनी पान उलटलं आणि मराठीत विचारलं, तिसऱ्या प्रयोगाला गच्चीला कुलूप, दोन्ही किल्ल्या संशोधकाकडे, असं लिहिलंय. हे का करावं लागलं?

मी यासाठी एक इंग्रजी वाक्य पाठ करून ठेवलं होतं. बाहेरून पोषकद्रव्य मिसळण्याची शक्यता वगळण्यासाठी वगैरे. ते तोंडापर्यंत आलं आणि तिसऱ्या रांगेकडे नजर गेली. आई पदराशी चाळा करत होती.

"चुकीच्या माणसावर संशय घेतला होता, सर," मी म्हणालो. "कुलूप त्यांनीच लावून दिलं. त्यामुळं चूक सापडली."

मग तिसऱ्या रांगेतून दाजी बसल्या जागेवरूनच म्हणाले, "सायेब, आधी त्यानं चूक केली म्हणून सापडली."

परीक्षक खूप हसले. सरही हसले. मी पास झालो.

चहाच्या वेळी मी परीक्षकांची वाट बघत उभा राहिलो, अभिनंदन करतील म्हणून. ते आले, हात मिळवला, आणि सरळ दाजींकडे गेले. विहिरींबद्दल, पाण्याबद्दल, किती पोती, कधीपासून, शेजारच्या रानात कसं, अशी पाऊण तास त्यांची बैठक चालली होती. परीक्षक खिशातली वही काढून लिहून घेत होते. मधेच दाजींनी माझ्याकडे बघितलं आणि रिकामी प्लेट वर केली.

मी जाऊन गरम बटाटेवडे आणले. दोघांसाठी, दोन-दोन.